नदीच्या खालच्या अंगाला

‘सोल्ड डाउन द रिव्हर’ म्हणजे ‘मला नदीच्या खालच्या अंगाला विकले’. विश्वासघात झाला की इंग्रजी बोलणारा असे म्हणतो. ही नदी म्हणजे अमेरिकेतील मिसिसिपी, आणि तिच्या प्रवाहाबरोबर विकली जात ती हाडामांसाची माणसे!

१७९३ साली एली व्हिटनीने सरकी वेगळी करणारे यंत्र बनविले आणि दक्षिणेतील कापसाला सोन्याचे मोल आले. १८०८ पासून परदेशांतून गुलाम आणण्यास बंदी झाली. पण मळ्यांना राबणारे हात तर हवेच होते. मग केंटकीसारख्या उत्तरेकडील प्रांतांतले मालक आपल्या पदरचे गुलाम व्यापाऱ्यांना विकू लागले. आगबोटी त्यांना नॅचेझच्या आणि न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात नेऊन उतरवीत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. तोवर कोणी व्यापाऱ्यांमार्फत, कोणी मालकांबरोबर, अशी सुमारे १० लाख माणसे दक्षिणेत गेली होती.

धन्याला कर्ज झाले किंवा धनी वारला, की आईपासून लेकरू तुटे. त्यांना विकणारा बहुधा परका नसे. ज्याची मुले त्या आईने अंगाखांद्यावर वाढविली, तोच असे. परका फार तर लुटील. विश्वासघात करायला मात्र आपलाच माणूस लागतो. म्हणून तर विश्वासघाताला हे नाव मिळाले.