गच्चीवरची वीस मीटर तार

आपल्याकडे रेडिओचा इतिहास लिहिला गेला तो मुख्यतः प्रक्षेपण केंद्रांचा. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे ऑल इंडिया रेडिओ आले, मग आकाशवाणी. निवेदक, श्रुतिका, संगीतसभा यांच्या आठवणींनी कितीतरी दिवाळी अंकांची पाने भरली. पण ज्यांनी घरातल्या टेबलावर स्वतःचे केंद्र मांडले आणि दूरच्या गावातल्या तशाच एका टेबलाशी संवाद साधला, ते हौशी बिनतारीवाले या इतिहासाच्या तळटिपेतही क्वचितच भेटतात. सरकारी भाषेत ते ‘अमॅच्युअर’, आपापसात ‘हॅम’.

मी डोंबिवलीतल्या घरी पहिले केंद्र उभारायला घेतले, तेव्हा जुने हौशी कसे करीत असत ते शोधू लागलो. शोधता शोधता एक गोष्ट ध्यानात आली. घरगुती केंद्राला दोन गोष्टी लागतात : तार आणि कागद, म्हणजे अँटेना आणि परवाना. गेल्या शंभर वर्षांत तार जवळजवळ जशीच्या तशी राहिली. बदलत गेला तो कागद. कोणाला घरातून बोलू द्यायचे, याचा आपल्याकडचा इतिहास त्या कागदाच्या हालचालीत वाचता येतो.

आधी तारेविषयी. चाळीस मीटरचा पट्टा हा भारतातल्या हौशींचा हमरस्ता. आपल्याकडे तो ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ असा आहे. या लहरींसाठी सर्वांत साधी अँटेना म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची द्विध्रुव तार. १४३ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागले की तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ला भागले तर वीस मीटर. म्हणजे मधोमध कापलेले दहा-दहा मीटरचे दोन हात. आमच्या चार मजली इमारतीची गच्ची तेवढी लांब नव्हती. म्हणून पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीला बांबू बांधून तारेचा मध्य वर उचलला आणि दोन्ही टोके कठड्याकडे उतरती आणली. उलट्या ‘व्ही’सारख्या या मांडणीत जागा वाचते आणि तारेचा विद्युत अवरोध पन्नास ओहमच्या केबलशी बराच जुळतो. टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर आणि नायलॉनची दोरी बांधली, मध्यातून निघालेली केबल बाल्कनीतून आत घेतली. लांबी मुद्दाम थोडी जास्त ठेवून, मीटर पाहत टोके बोटबोट कापत आणली. शंभर वर्षांपूर्वीचा हौशीही हेच करीत होता. त्याच्याकडे मीटरऐवजी छोटा दिवा असे, इतकेच.

त्या हौशीपासूनच इथली गोष्ट सुरू होते. भारतातले पहिले हौशी म्हणून कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांचे नाव घेतले जाते. साल १९२१, सांकेतिक नाव २जेके. त्याच वर्षी मुकुल बोस २एचक्यू या नावाने हवेत आले. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३मध्ये कार्यक्रम प्रक्षेपित केले, तेही सरकारी केंद्र निघण्यापूर्वी. म्हणजे आपल्या रेडिओचा पाळणा हौशींच्या घरात हलला. भारतीय केंद्रांच्या नावाला ‘व्हीयू’ ही आद्याक्षरे १९२९च्या सुमारास लागली आणि ती आजही आहेत. मात्र १९३०च्या दशकाच्या मध्यावर परवानाधारक पन्नाससुद्धा नव्हते, आणि त्यांतही ब्रिटिश लष्करी अधिकारीच अधिक. १८८५चा तार कायदा होताच. १९३३च्या बिनतारी कायद्याने नुसते यंत्र बाळगायलाही परवाना लागू लागला. ऐकण्याच्या रेडिओचे लायसन्स पोस्टात जाऊन भरल्याचे पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल.

१९३९ साली युद्ध सुरू झाले आणि कागद परत घेतला गेला. नवे परवाने थांबले, जुन्या हौशींना ट्रान्समीटर पोलिसांच्या हवाली करण्याचे आदेश निघाले. कोणी केले, कोणी सुटे भाग फळीवर लपवून ठेवले. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की १९४२च्या काँग्रेस रेडिओकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. बाबूभाई खाकर आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी मुंबईत गुप्त केंद्र चालवले. यंत्राची बाजू सांभाळणारे नरीमन प्रिंटर हे मूळचे हौशी. चौपाटीजवळची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगाव, महालक्ष्मी असे केंद्र जागा बदलत राहिले. प्रत्येक जागा म्हणजे कोणाचे तरी राहते घर किंवा भाड्याची खोली. प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले, ठिकाण कळले आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातल्या पारेखवाडीत छापा पडला. खाकर यांना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्ष शिक्षा झाली.

या केंद्राची तरंगलांबी सर्वत्र नोंदलेली आहे : ४२.३४ मीटर. गणित केले तर ती ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. म्हणजे आज ज्या पट्ट्यात हौशी मंडळी रोज सकाळी एकमेकांची खुशाली विचारतात, त्याच पट्ट्यात काँग्रेस रेडिओ बोलत होता. त्या लहरीला अर्धतरंगी तार लावायची तर तीही वीस मीटरच भरते. माझ्या गच्चीवरच्या तारेने तो आवाज सहज पकडला असता. आणि हेही नोंदवायला हवे की आजच्या नियमांतही काँग्रेस रेडिओ बसला नसता. हौशी परवान्यावर बातम्या, संगीत, भाषणे प्रक्षेपित करता येत नाहीत. समोरच्या हौशीशी तांत्रिक किंवा वैयक्तिक बोलणे, तेवढीच मुभा.

स्वातंत्र्यानंतर कागद पुन्हा मिळू लागला. १५ मे १९४८ रोजी महू इथल्या लष्कराच्या सिग्नल स्कूलमध्ये हौशींची पहिली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. १९५४मध्ये तिचे नाव अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाले. परवाना होता, पण यंत्र कुठून आणायचे? आयात परवडत नसे. मग युद्धातून उरलेले लष्करी रिसीव्हर भंगार बाजारातून उचलायचे आणि ८०७ व्हॉल्व्ह मिळवून ट्रान्समीटर घरीच बांधायचा. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग धुंडाळणे हा मुंबईच्या हौशीचा शनिवारचा नेम असे. १९८०च्या दशकात आयातीचे निर्बंध सैल झाले. पंतप्रधान राजीव गांधी स्वतः हौशी होते, व्हीयू२आरजी. चालू शतकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी ‘बिटएक्स’ हा संच असा आखला की भाग कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळावेत. त्यातली एक कॉइल तर नळाच्या वॉशरवर गुंडाळायची. टंचाईतून आलेली ही युक्ती पुढे परदेशातल्या हौशींनीही उचलली.

माझ्या वेळी परीक्षा झाली, परवाना आला. अडले ते तिसऱ्याच कागदापाशी : सोसायटीच्या ठरावापाशी. सभेत विचारले गेले, ‘हा मोबाइल टॉवर का? किरणांचे काय?’ एका आजोबांनी विचारले, ‘पाकिस्तानात ऐकू जाईल का हो?’ मी सांगितले, ‘आजोबा, लहरींना सरहद्द नसते, पण बोलायचे काय याचे नियम आहेत.’ एकेकाळी अशाच मराठी घरांत दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एरियलची तांब्याची जाळीदार पट्टी ताणलेली असे आणि पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवली जाई. ऐकणारी तार घराची शोभा होती. बोलणारी तार मात्र संशयास्पद. १९३९मध्ये हा संशय सरकारला होता, आता तो जिन्याच्या पायरीवर येऊन बसला आहे. ठराव अखेर दोन मतांनी मंजूर झाला आणि त्याच आठवड्यात बेळगावच्या एका शिक्षकांशी माझे पहिले बोलणे झाले.

या संशयाची किंमत काय असते? ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा संपर्काच्या कामाला हौशी धावले. बॅटरी, छोटा संच आणि दोन झाडांमध्ये बांधता येईल अशी तार एवढ्यावर त्यांचे केंद्र उभे राहते. त्याहून बोलके उदाहरण अंदमानचे. तिथे अनेक वर्षे हौशी केंद्रांना मनाई होती. भारती प्रसाद, व्हीयू२आरबीआय, यांनी दीर्घकाळ पाठपुरावा करून मोहिमेची परवानगी मिळवली आणि डिसेंबर २००४मध्ये त्यांचे पथक पोर्ट ब्लेअरहून बोलू लागले. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. नेहमीची साधने कोलमडली, तेव्हा बेटांवरचे निरोप मुख्य भूमीकडे पोचवायला हे पथक तिथे हजर होते. परवानगी महिनाभर लांबली असती तर त्या सकाळी तिथे तार नसती. आपत्ती आल्यावर परवाना देता येतो. पण तार ताणायला, टोके कापायला, कान तयार व्हायला वर्षे लागतात. ती शांततेच्या काळात, कोणाच्या तरी गच्चीवर, शेजाऱ्यांच्या संमतीनेच खर्ची पडतात.

म्हणून पुनर्विकासात जुन्या गच्च्या जात असताना दोन गोष्टी व्हाव्यात असे वाटते. नव्या इमारतींच्या नियमावलीत परवानाधारकाच्या तारेला एक ओळ मिळावी. आणि घर रिकामे करताना कपाटावरच्या वह्या रद्दीत जाऊ नयेत. प्रत्येक संभाषणाची तारीख, वेळ, लहर आणि समोरच्याचे सांकेतिक नाव हौशी माणूस वहीत नोंदवत आला आहे. सोबत टपालाने आलेली पुष्टीची कार्डे असतात. घरातून बोललेल्या माणसांचा आपल्याकडचा दस्तऐवज या वह्याच आहेत. तार पुन्हा विकत मिळेल, वही मिळणार नाही.