सोनार-कक्षाची सिद्धता : 'हिमगिरी' युद्धनौकेच्या संदर्भात

प्रस्तावना :
भारतीय नौदलाच्या स्वावलंबनाचा इतिहास बहुधा शास्त्रज्ञ, प्रयोगशाळा आणि शासकीय निर्णय यांच्या अंगाने लिहिला जातो. परंतु प्रयोगशाळेत सिद्ध झालेले यंत्र युद्धनौकेच्या पोटातील कप्प्यात बसून समुद्रावर चालल्याशिवाय त्याला लष्करी मोल येत नाही. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित टप्प्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' ही युद्धनौका बुडविली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक प्राणास मुकले. पाण्याखालील शत्रूची चाहूल वेळेवर लागणे किती निर्णायक असते, हे या घटनेने दाखवून दिले. पुढे कोची येथील नौदल भौतिक व सागरविज्ञान प्रयोगशाळेत नौदल अधिकारी आरोग्यस्वामी पॉलराज यांच्या नेतृत्वाखाली 'अप्सोह' ही स्वदेशी सोनार यंत्रणा विकसित झाली. १९८३ साली तिच्या सागरी चाचण्या 'हिमगिरी'वर झाल्या. मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेली ही नौका १९७४ साली नौदलात दाखल झाली होती. तिचा मूळ आराखडा मात्र ब्रिटिश 'लिअँडर' वर्गाचा होता.

कक्षाची सिद्धता :
दुसऱ्या यंत्रणेसाठी आखलेल्या नौकेत नवे सोनार बसविणे म्हणजे केवळ जुनी कपाटे काढून नवी ठेवणे नव्हे. ध्वनी सोडणारा व टिपणारा ट्रान्सड्यूसर-संच नौकेच्या तळाखालील घुमटात असतो. त्याच्या असंख्य तारा आतल्या कक्षात आणताना जलरोधक भिंतींना छिद्रे पाडावी लागतात आणि तेथून पाण्याचा थेंबही झिरपणार नाही अशी ती बंद करावी लागतात. इलेक्ट्रॉनिक कपाटे अरुंद झडपांतून उतरली पाहिजेत. त्यांच्या वजनाने नौकेचा तोल ढळता कामा नये. इंजिनाची थरथर यंत्रापर्यंत पोहोचू नये म्हणून बैठकी लवचिक ठेवाव्या लागतात. उष्णता बाहेर नेण्यासाठी शीतकरणाची आणि स्थिर वीजपुरवठ्याची स्वतंत्र तजवीज करावी लागते. नौकेचा स्वतःचा आवाज हाच सोनारचा पहिला शत्रू असल्याने यांपैकी कोणतीही त्रुटी अखेर पाणबुडी न सापडण्यात परिणत होते.

समारोप :
'हिमगिरी'नंतर हे सोनार माझगाव डॉकनेच बांधलेल्या 'गोदावरी' वर्गातील नौकांवर बसविण्यात आले. म्हणजेच परकीय आराखड्याच्या नौकेपासून स्वदेशी आराखड्याच्या नौकेपर्यंतचा प्रवास या कक्षातूनही झाला. शोधाचे श्रेय शास्त्रज्ञांना मिळाले, ते योग्यच होय. तथापि त्या शोधाला नौकेत जागा करून देणारे आरेखक, जोडारी, वेल्डर व वीजतंत्री यांची नोंद इतिहासात क्वचितच आढळते. तंत्रविज्ञानाचा इतिहास परिपूर्ण व्हावयाचा असेल, तर इतिहासकाराने प्रयोगशाळेबरोबरच गोदीचे दारही ठोठावले पाहिजे.