डोंगर होता तिथं धावपट्टी

१५ ऑक्टोबर १९३२. जुहूच्या किनाऱ्यालगतच्या सपाट मैदानात तुम्ही उभे आहात. पायाखालची माती नुकती कुठं वाळली आहे. पावसाळ्यात इथं नुसता चिखल. दुपारी उत्तरेला एक ठिपका दिसतो आणि बघता बघता छोटंसं पस मॉथ विमान धुरळा उडवत उतरतं. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आलेत. वाटेत अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. प्रवासी एकही नाही. मुंबईला एवढं मैदान पुरतं आहे.

आता २०१८. तुम्ही विमानात आहात आणि मुंबईवर घिरट्या चालल्या आहेत. खाली दोन धावपट्ट्या दिसतात, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. त्या एकीवर याच वर्षी एका दिवसात हजारावर विमानांची ये-जा झाली. कुंपणाच्या भिंतीला वस्त्या टेकल्या आहेत. तिसरी पट्टी टाकायची कुठं? नव्या विमानाला वेळ मिळत नाही, म्हणजे औषधांच्या खोक्यांना, हापूसच्या पेट्यांना, कामासाठी निघालेल्या माणसाला वाट मिळत नाही. देशाची वाढ इथं अक्षरशः हवेत लटकली आहे.

वाट खाडीपलीकडे आहे, नवी मुंबईच्या नव्या विमानतळात. पण तिथं जाताना थोडं मागं चला, जानेवारी १९८४ मध्ये, उरणजवळच्या जासई परिसरात. न्हावाशेवा बंदरासाठी आणि नवी मुंबई शहरासाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागं हजारो आगरी-कोळी उभे आहेत. गोळीबार होतो. पाच जण जातात. त्या रक्तातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा नियम आला. विमानतळासाठी तो वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला, त्यामागंही हीच चळवळ होती.

मग उलव्यात या, विमानतळ येण्याआधीच्या. श्रावण आहे. भात गुडघ्याएवढं वाढलंय. बांधाच्या पलीकडे खाडी, तिवरं, मिठागरं. कुणाच्या तरी ओसरीवर तुम्हाला बसवून घेतात. आत जिताड्याचं कालवण रटरटतंय. मागं सुमारे ९० मीटरचा डोंगर, पावसानं हिरवागार. तो कधी हलेल असं तुम्हाला वाटतच नाही.

डोळे उघडा. सुरुंगांनी डोंगर उतरवला, उलवे नदीचा प्रवाह वळवला, ११६० हेक्टर जमीन सपाट झाली. २५ डिसेंबर २०२५ ला सकाळी बेंगळुरूहून आलेलं विमान नवी मुंबईच्या धावपट्टीला टेकतं आणि दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे त्याचं स्वागत करतात. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी, सगळे टप्पे झाले की नऊ कोटी. हा विमानतळ हवाच होता. मी तर म्हणेन, वीस वर्षं आधी हवा होता. पण सामान चढवण्यापासून नियंत्रण मनोऱ्यापर्यंतच्या कामांत इथल्या पोरापोरींचा पहिला हक्क आहे, आणि तो कागदावर राहता कामा नये.

तुम्ही इथं उतराल तेव्हा खिडकीतून खाली बघा, आणि विमानतळासाठी उठलेल्या गावांची ही नावं एकदा मनात म्हणा: उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर.