‘टक्कल व्हायरस’ नव्हताच! बुलढाण्यात लोकांचे केस का गळले?

आधी डोकं खाजतं, मग केस हातात येऊ लागतात आणि तीन-चार दिवसांत टक्कल. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातल्या १८ गावांमधल्या २७९ जणांनी हे अनुभवलं. शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं चर्चेत आली आणि मोबाईलवर नाव फिरू लागलं, ‘टक्कल व्हायरस’.

आधी संशय कशावर होता?

शाम्पू, बुरशी आणि पाणी. हा भाग खारपाणपट्ट्यातला, त्यामुळे पाण्यावर बोट ठेवणं सोपं होतं. जानेवारीत ‘आयसीएमआर’चं पथक गावांत आलं आणि नमुने घेऊन गेलं.

गव्हाचा मुद्दा कुठून आला?

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्याकडून. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ते ओळखले जातात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी केस गळलेल्यांचे नमुने तपासून घेतले. सेलेनियमचं प्रमाण रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं आढळलं. झिंक मात्र कमी होतं. रेशनच्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. हा गहू पंजाबकडून आल्याचं त्यांचं म्हणणं आहे. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूर, नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्याचं आधीपासून माहीत आहे.

सेलेनियम वाईट असतं का?

नाही. थायरॉईडसाठी ते लागतंच, पण अगदी थोडं. प्रौढांना दिवसाला साधारण ४० ते ५५ मायक्रोग्रॅम पुरतं. अमेरिकेत ४०० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. आता हिशेब करा. वरच्या गव्हाचं दीडशे ग्रॅम पीठ रोज पोटात गेलं, तर सुमारे २,१८० मायक्रोग्रॅम होतात. म्हणजे मर्यादेच्या पाचपटीहून जास्त.

गहू धुतला तर?

फारसा फरक पडत नाही. धुतलेल्या गव्हातही किलोमागे १३.६१ मिलिग्रॅम आढळलं. कारण सेलेनियम दाण्यावर बसलेलं नसतं. रसायनशास्त्रात ते गंधकाचं भाऊबंद. पीक ते गंधकासारखंच मुळांतून ओढतं आणि दाण्याच्या प्रथिनांत बसवतं. रंग नाही, वास नाही. घरात पाखडताना, निवडताना ते कळणार कसं?

असं आधी कुठे झालंय?

चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अन्नातल्या सेलेनियममुळे गावकऱ्यांचे केस आणि नखं गळली होती. २००८ मध्ये अमेरिकेत एका पूरक आहाराच्या द्रवात चुकून जास्त सेलेनियम पडलं आणि २०१ जणांना बाधा झाली.

मग लक्षात काय ठेवायचं?

• सेलेनियमची बाधा एकाकडून दुसऱ्याला होत नाही. कंगवा, टॉवेल, शेजारी बसणं, कशानेच नाही.
• स्रोत थांबला की केस सहसा परत येतात. बुलढाण्यातही काहींना काही आठवड्यांत नवे केस फुटले.
• केसांसाठीच्या अनेक गोळ्यांमध्ये सेलेनियम असतं. केस गळताहेत म्हणून मनाने गोळ्या सुरू करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.
• एकाच गावात अनेकांना एकसारखा त्रास झाला, तर आरोग्य केंद्राला कळवा आणि घरातलं थोडं धान्य तपासणीसाठी बाजूला ठेवा.

‘व्हायरस’ या एका शब्दाने या गावांचं मोठं नुकसान केलं. मुलींची लग्नं अडली, कॉलेजला जाणाऱ्यांनी घरी बसणं पसंत केलं. टक्कल पडलेल्यांचे केस परत येतील. फॉरवर्ड केलेला मेसेज मात्र परत घेता येत नाही.