पाणी येते कोठून? बालकांच्या अंडवृद्धीचा इतिहास

सुश्रुतसंहितेत वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतील मूत्रवृद्धी व अंत्रवृद्धी यांची गल्लत होऊ नये म्हणून ग्रंथकाराने घेतलेली दक्षता पाहून आम्हां वकिलांना एखाद्या साक्षेपी न्यायाधीशाचे स्मरण होते. चालताना पाण्याने भरलेल्या पखालीसारखी हिंदकळते ती मूत्रवृद्धी. जीत आतडे उतरते ती अंत्रवृद्धी. पहिलीस शेकून, वस्त्राने बांधून, सेवनीच्या बाजूस खालच्या अंगाने वेध करावा आणि नळीने पाणी काढावे. दुसरी कोशात उतरली की असाध्य. आमच्या घरांतून मात्र अंडवृद्धी आणि अंतर्गळ हे शब्द अद्याप एकमेकांच्या जागी खुशाल वापरले जातात!

काढलेले पाणी पुन्हा भरते, ही पुढची अडचण. लंडनच्या जेम्स अर्लने १७९१ साली पिशवीत द्राक्षमद्य सोडण्याची रीत प्रसिद्ध केली. १८३० नंतरच्या दशकात कलकत्त्यास रॅनल्ड मार्टिनने त्यासाठी आयोडीन योजले. दाह होऊन पिशवीच्या भिंती चिकटाव्यात, हा हेतू. प्रौढांत तो पुष्कळदा साधे. परंतु बालकाचे पाणी बहुधा पोटातूनच झिरपते. वृषण गर्भावस्थेत उदरातून खाली उतरतो, हे जॉन हंटरने १७६२ सालीच विशद केले होते. त्याच्यासोबत उदरावरणाची एक नळी खाली येते. ती मिटली नाही तर वाट उघडी राहते. अशा पिशवीत सोडलेले औषध थेट पोटात जाण्याची भीती!

सकाळी लहान, दिवसभर खेळून आल्यावर मोठी, ही आईची साक्ष निदानात फार मोलाची. अंधारात दिवा लावल्यास पाण्यातून उजेड आरपार दिसतो; पण तान्ह्या मुलाच्या आतड्यातूनही तो दिसू शकतो, म्हणून एवढ्याच पुराव्यावर निकाल देता येत नाही.

पहिल्या वर्षा-दोन वर्षांत ही वाट बहुधा आपोआप मिटते, म्हणून शल्यवैद्य थांबतात. न मिटल्यास, किंवा सोबत अंतर्गळ असल्यास, जांघेत लहानसा छेद घेऊन, रेतवाहिनी व रक्तवाहिन्या सांभाळून, नळी वर पोटाशी बांधतात. लाजेपायी मुलाचे दुखणे लपविणारी घरे आम्ही पाहिली आहेत. सूज एकाएकी कठीण व दुखरी झाली, वांत्या सुरू झाल्या, तर आतडे अडकले असेल किंवा वृषणास पीळ पडला असेल. तेव्हा सकाळ होण्याचीही वाट पाहू नये.