जुन्या इलेक्ट्रिक गिटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या भाषेत देवालये, घाट व विहिरी यांच्याशी निगडित झालेला आहे. पडझड झालेली वास्तू पुन्हा उभी करणे हे पुण्यकर्म, अशी समजूत असल्यामुळे त्या शब्दाला एक प्रकारचे पावित्र्यही आले आहे. परंतु जीर्ण वस्तूला तिचे ‘मूळ रूप’ देणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तो किती बिकट आहे हे एखाद्या प्राचीन मंदिरापेक्षाही एका अर्वाचीन वाद्याच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. ते वाद्य म्हणजे अमेरिकेत जन्मास आलेली इलेक्ट्रिक गिटार. १९५० ते १९६५ या पंधरा वर्षांत तयार झालेल्या गिटारींना आज जुन्या व्हायोलिनांसारखा मान मिळतो, आणि त्यांना मूळ स्थितीस आणून देण्याचा एक स्वतंत्र धंदाच युरोप-अमेरिकेत उभा राहिला आहे. त्या धंद्याची पूर्वपीठिका व त्यातून उद्भवणारा प्रश्न यांचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

या वाद्याचे तत्त्व थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे. पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावू लागली म्हणजे त्या चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेत अत्यंत क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो यंत्राने वाढवून ध्वनिक्षेपकाकडे पाठविला की नाद ऐकू येतो. चुंबक आणि वेटोळे यांच्या या जोडीला पिकअप म्हणतात. १९३१ साली लॉस एंजेलिस येथे जॉर्ज बीचम याने अडॉल्फ रिकेनबॅकर याच्या साहाय्याने या तत्त्वावर जी गिटार घडविली, तिच्या वाटोळ्या धडामुळे व लांब दांडीमुळे तिला लोक ‘तळण्याचा तवा’ म्हणू लागले. नाद वाढविण्याचे काम विजेने पत्करल्यावर पोकळ भोपळ्याची किंवा पेटीची गरज उरली नाही. भरीव फळीही चालू लागली. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडर याने १९५० साली अशी भरीव गिटार बाजारात आणली. तिला पुढे टेलिकास्टर हे नाव मिळाले, आणि १९५४मध्ये तिची धाकटी बहीण स्ट्रॅटोकास्टर निघाली. मिशिगन प्रांतातील कॅलमझू येथील गिब्सन या जुन्या कारखान्याने १९५२मध्ये ‘लेस पॉल’ नावाची गिटार काढून या स्पर्धेत उडी घेतली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गिब्सनचे कारागीर जुन्या रिवाजाप्रमाणे दांडी धडाला सरसाने चिकटवीत. फेंडरने ती चार स्क्रूंनी बसविली. दांडी झिजली तर ती काढून दुसरी लावावी, असा त्याचा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला शोभणारा साधा विचार होता. आज जिच्या एकेका स्क्रूच्या अस्सलपणाविषयी वाद होतात, ती गिटार तिच्या जनकाने मुळात भाग बदलता यावेत म्हणूनच तशी रचिली होती.

ज्यांनी त्या विकत घेतल्या त्यांचीही दृष्टी निराळी नव्हती. गिटार हे त्यांच्या पोटापाण्याचे हत्यार होते. खुंट्या नीट धरत नाहीत, तर जास्त मोठी भोके पाडून नव्या बसवाव्या. पडदे झिजले, तर बदलावे. रंगाचा कंटाळा आला, तर दुसरा द्यावा. १९६८च्या सुमारास जॉन लेनन याने आपल्या एपिफोन कसिनो गिटारीवरील सर्व रंग काढून टाकून लाकूड उघडे केले. सत्तरीच्या दशकात तर असे रंग काढण्याची चालच पडली. अधिक जोरकस आवाजाच्या हौसेने जुने पिकअप काढून नवे बसविण्यासाठी धडात खोबण्या कोरल्या गेल्या. १९५८ ते १९६० या काळातील तांबूस-पिवळ्या छटेच्या लेस पॉल गिटारी त्या वेळी फारशा खपल्या नव्हत्या. त्यांची संख्या दोन हजारांच्याही आत भरते. १९६६ साली एरिक क्लॅप्टन याने जॉन मेयॉलच्या संचात तसल्या गिटारीवर केलेले ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले आणि लोकांचे डोळे उघडले. १९६५मध्ये फेंडरने आपला कारखाना सीबीएस कंपनीला एक कोटी तीस लक्ष डॉलरांस विकल्यानंतर ‘विक्रीपूर्वीची गिटार अस्सल, नंतरची दुय्यम’ असा समजही दृढ झाला. किंमत चढू लागली तेव्हा कोठे ‘मूळ स्थिती’ हा शब्द जन्मास आला.

या कामात वाकबगार असलेला कारागीर सुतार कमी आणि पुराणवस्तुसंशोधक अधिक असतो. प्रथम तो गिटार अंधाऱ्या खोलीत नेऊन अतिनील किरणांच्या दिव्याखाली धरतो. जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर तेथे हिरवट-पिवळसर चमकते व मागाहून लावलेला रंग वेगळा दिसतो. आवाज कमी-अधिक करण्याच्या गुंडीखालील पोटेन्शिओमीटरवर आकडे ठोकलेले असतात. त्यांवरून बनविणारा कारखाना, वर्ष आणि वर्षातील आठवडासुद्धा समजतो. फेंडरच्या दांडीच्या बुडाशी बहुधा पेन्सिलीने तारीख लिहिलेली सापडते. झाळ पूर्वी कधी उकलली होती काय, हेही तो भिंगातून पाहतो. स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपावर केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे असतात. तार तुटलेली असल्यास त्याच जाडीची तार तितक्याच वेढ्यांनी गुंडाळावी लागते. नवे लॅकर जुन्यात विरघळून एकजीव होते, म्हणून बारीकशी खपली भरणे सोपे. परंतु त्याच गुणामुळे वरचा रंग काढताना खालचा मूळ थरही जाण्याची भीती असते. एकदा काचकागद फिरला की गेलेले परत येत नाही.

कित्येक बाबतींत मूळ रूप देणे शक्यच नसते. साठीच्या आरंभीच्या सेल्युलॉइडच्या तबकड्या आपोआप आकसतात, वाकतात व तडकतात. म्हणजे अस्सल भागच स्वतःला खाऊन टाकतो. त्या वेळी दांडीवर लावीत ते ब्राझीलचे शिसव १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारान्वये संरक्षित झालेले असून त्याच्या व्यापारावर कडक निर्बंध आहेत. मग जुना भाग आणावा कोठून? बहुधा दुसऱ्या एखाद्या जुन्या गिटारीतून. धंदेवाईक लोक यासाठी बऱ्या स्थितीतील गिटारी मोडून त्यांचे पिकअप, खुंट्या व गुंड्या सुट्या विकतात. एकीचा उद्धार दुसरीच्या संहाराने व्हावा, हा जीर्णोद्धाराचा विचित्र प्रकार आहे. पुन्हा रंगविलेल्या गिटारीला मूळ रंगाच्या गिटारीच्या साधारण निम्मी किंमत येते, असा बाजाराचा ढोबळ हिशेब आहे; तेव्हा नव्याला जुने म्हणून खपविण्याचा मोहही पदोपदी असणारच.

पण याहून खोल अडचण निराळीच आहे. मूळ रूप म्हणावयाचे कोणत्या दिवसाचे? १९५९च्या लेस पॉलचा तांबडा रंग उन्हाने विटत असे; दुकानाच्या काचेत काही काळ टांगलेली गिटार मधासारखी पिवळी होई. गिब्सनने १९६०मध्ये टिकाऊ तांबडा रंग वापरण्यास आरंभ केला. आज मात्र रसिकांना प्रिय आहे तो विटलेला रंगच. आणि जीर्णोद्धार करणारा कारागीरही पुष्कळदा तीच फिकी छटा देतो. अर्थात् ज्याला मूळ रूप म्हटले जाते ते कारखान्यातून बाहेर पडलेल्या दिवसाचे रूप नव्हे. आपल्या कल्पनेतील वार्धक्याचे ते रूप आहे. १९९५पासून फेंडर कंपनी नव्याकोऱ्या गिटारी मुद्दाम खरवडून, गंजवून विकू लागली, हे त्याच मनोवृत्तीचे दुसरे टोक होय.

उलट ज्यांच्या वैगुण्यातच त्यांचे सत्त्व आहे अशा गिटारींचे काय करावयाचे? पीटर ग्रीन याच्या १९५९च्या लेस पॉलमधील एका पिकअपाच्या चुंबकाची दिशा उलटलेली आहे. दोन्ही पिकअप एकत्र वाजले की आवाज किंचित पोकळ, अनुनासिक आणि करुण होतो, व त्याच आवाजाने त्याचे नाव झाले. चुंबक सरळ केल्यास गिटार मूळपदाला येईल, पण पीटर ग्रीनची गिटार नाहीशी होईल. आयर्लंडच्या रॉरी गॅलेहर याने १९६३ साली कॉर्क येथे शंभर पौंडांना घेतलेली स्ट्रॅटोकास्टर त्याच्या घामाने व अविश्रांत वादनाने बहुतेक रंगहीन झाली. २०२४मध्ये लंडनच्या लिलावात तिला आठ लक्ष पौंडांहून अधिक किंमत आली आणि ती त्या देशाच्या राष्ट्रीय संग्रहालयास अर्पण झाली. तिला नवा रंग द्यावा असे कोणाच्याही मनात आले नाही. पॉल मॅकार्टनी याची १९६१मध्ये हँबर्ग येथे घेतलेली हॉफनर बेस गिटार १९७२ साली चोरीस गेली व ती परत मिळाल्याचे २०२४मध्ये जाहीर झाले. तिची दुरुस्ती झाली. परंतु १९६४च्या सुमारास तिला दिलेला दुसरा रंग खरवडून १९६१चे रूप आणण्याचा हट्ट कोणी धरला नाही. ती वाजती व्हावी एवढेच पाहिले गेले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात लंडनच्या रंगमंचावर ती मालकाच्या हातात पुन्हा वाजली.

वास्तुशास्त्रात हा वाद फार जुना आहे. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्युक वास्तूला पूर्णत्व देऊ पाहत होता, तर इंग्लंडात रस्किन १८४९ साली असल्या जीर्णोद्धाराला विध्वंसच म्हणत होता. १९६४च्या व्हेनिस येथील सनदेने मध्यम मार्ग काढला: जेथे तर्क सुरू होतो तेथे हात थांबवावा, आणि निरनिराळ्या काळांनी घातलेली रास्त भर राखावी.

आमच्या मते हाच नियम या वाद्यालाही लागू करावा. जे तिच्या वाजण्याच्या आड येते ते अवश्य दुरुस्त करावे. कोरलेली खोबण बुजवावी, तुटलेले वेटोळे पुन्हा गुंडाळावे, झिजलेले पडदे बदलावे. कारण न वाजणारे वाद्य ही केवळ लाकडाची फळी होय. हौसेच्या भरात कोणी फासलेला रंग मूळ थराला धक्का न लावता निघत असेल तर काढण्यासही हरकत नाही. परंतु वादकाच्या हाताने, उन्हाने, काळाने जे लिहिले ते पुसू नये; आणि जे बदलले त्याची टीप गिटारीच्या पेटीतच ठेवावी, म्हणजे पुढील मालक फसणार नाही. काढलेले भाग फेकून न देता त्या टिपेशेजारी जपावे, म्हणजे आपला निर्णय उद्याच्या अधिक जाणत्या कारागिराला फिरविताही येईल.