बेलफळाची परीक्षा

हाटपिपल्याच्या माळव्यात बेलाचे झाड कुणाला दाखवून द्यावे लागत नाही. पाने महादेवाला आणि फळ बिघडलेल्या पोटाला, अशी त्याची वाटणी पूर्वापार ठरलेली आहे. पण फळाला गुण आहे, हे सिद्ध कसे करावे?

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात बेलफळाची अतिसारावरील औषध म्हणून नोंद केली. पोर्तुगीजांनी त्याला आपल्या देशातील एका फळावरून ‘मार्मेलो’ म्हटले; ईगल मार्मेलोस या शास्त्रीय नावात ते नाव आजही टिकून आहे. पुढे, छुपा यहुदी ठरवून गोव्याच्या धर्मन्यायालयाने १५८० साली ओर्ताची अस्थी उकरून जाळली. आम्हां कॅथलिकांना ही गोष्ट विसरून चालणार नाही. ग्रंथ मात्र उरला.

तथापि नोंद म्हणजे परीक्षा नव्हे. त्यातून ज्या विकाराला डॉक्टर इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात, त्यात तर परीक्षा फारच अवघड. पोटात कळा येतात, कधी जुलाब, कधी मलावरोध. तपासणीत मात्र आतडे निर्दोष दिसते. मग घरची माणसे म्हणतात, ‘तुझ्या मनाचे खेळ.’ या रुग्णांपैकी कित्येकांना औषध नसलेल्या पुडीनेही बरे वाटते. म्हणून पुडी घेऊन बरे वाटले, एवढ्यावरून पुडीला श्रेय देता येत नाही.

ही अडचण ओळखूनच काशी हिंदू विश्वविद्यालयातील वैद्य-डॉक्टरांनी १६९ रुग्णांवर प्रयोग केला. तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. काहींना बेल व नीरब्राह्मी यांचे मिश्रण, काहींना प्रचलित औषधे, काहींना निर्गुण पुडी. कोणाला काय मिळते, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. सहा आठवड्यांनी पाहिले, तो निर्गुण पुडीने शंभरांत सुमारे ३३ जणांना गुण आला होता, बेलाच्या मिश्रणाने ६५ जणांना, तर प्रचलित औषधांनी ७८ जणांना. जुलाबाचा जोर असणाऱ्यांना बेल विशेष मानवला; पोटदुखीवर प्रचलित औषधे सरस ठरली.

आणि गंमत पाहा, त्या ‘प्रचलित’ औषधांत दोन रासायनिक द्रव्यांसोबत इसबगोलही होता! नीमच-मंदसौरकडे पिकणारे हे बी. म्हणजे देशी वनस्पती तराजूच्या दोन्ही पारड्यांत होत्या. आयुर्वेद हरला किंवा जिंकला, अशी आरोळी ठोकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक निष्कर्ष याच प्रयोगात आहे. बेलाच्या जाहिराती करणारे तो सहसा सांगणार नाहीत. सहा महिन्यांहून अधिक काळ रुग्णांवर लक्ष ठेवले, तेव्हा विकार पुन्हा उलटू न देण्याच्या बाबतीत बेलाचे मिश्रण निर्गुण पुडीहून सरस ठरले नाही. प्रचलित औषधेही ठरली नाहीत.